माइसेनची प्रात्यक्षिक दालने : चिनीमाती घडताना आणि रंगताना

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेनपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, एल्बे नदीच्या काठी माइसेन हे लहानसे शहर आहे. तेथील पोर्सलेनचा, म्हणजे पातळ आणि उंची चिनीमातीच्या भांड्यांचा, कारखाना ३०० वर्षांहून अधिक काळ चालू असून आज त्याची मालकी सॅक्सनी राज्याकडे आहे. या कारखान्याने पाहुण्यांसाठी चार प्रात्यक्षिक दालने ठेवली आहेत. चाकावरचे आणि साच्याचे काम, सुट्या भागांची जुळणी, झिलईखालचे, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराखालचे, चित्रण आणि झिलईवरचे चित्रण अशी त्यांची वाटणी असून प्रत्येक दालनात एक कारागीर आपल्या मेजाशी बसून काम करत असतो. कानाला लावायच्या यंत्रातून इंग्रजीसह अनेक भाषांत माहिती ऐकू येते. शेजारीच संग्रहालय, विक्रीचे दुकान आणि उपाहारगृह आहे. पण हे परीक्षण मुख्यतः त्या चार दालनांचे आहे, कारण संपूर्ण भेटीत सर्वांत मोलाचे जे आहे ते तिथेच आहे. दुकानातल्या एका कपबशीची किंमत वाचून सामान्य माणसाच्या मनात जो प्रश्न येतो, त्याचे उत्तर ही दालने देतात. या कामात जवळजवळ प्रत्येक टप्पा असा आहे की तो एकदा उरकला की मागे फिरता येत नाही, आणि ती जोखीम दर वेळी एका माणसाच्या हातावर सोपवलेली असते.

दालनांत शिरण्यापूर्वी थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. सतराव्या शतकात चीन आणि जपानमधून येणारी पांढरीशुभ्र, उजेडात धरली तर अर्धपारदर्शक दिसणारी भांडी युरोपातील राजेरजवाडे वाटेल ती किंमत देऊन विकत घेत होते, पण ती बनवायची कशी हे तिथे कोणालाच उमगले नव्हते. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला लोक ‘बलाढ्य’ म्हणत, हा या भांड्यांपायी इतका वेडा झाला होता की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी भांडी मिळवली आणि त्यांच्या बदल्यात आपले ६०० घोडेस्वार सैनिक देऊन टाकले. याच राजाने योहान फ्रीडरिश ब्यॉट्गर या तरुण किमयागाराला, तो सोने करून दाखवील या आशेने, १७०१ पासून कैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही. मात्र एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली आणि खाणकाम व भट्टीची जाण असलेल्या माणसांच्या मदतीने चाललेल्या प्रयोगांतून पांढऱ्या पोर्सलेनचे मिश्रण सापडले. त्या भाजण्यांची जानेवारी १७०८ मधील टिपणे उपलब्ध आहेत. चिर्नहाउस त्याच वर्षी वारला आणि श्रेय बहुतांशी ब्यॉट्गरच्या नावावर जमा झाले. जानेवारी १७१० मध्ये कारखान्याची राजाज्ञा निघाली आणि काही महिन्यांतच काम माइसेनच्या टेकडीवरील आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात हलवण्यात आले, कारण तिथे कारागिरांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवता येत होता. तरीही दहा वर्षांच्या आत ते गुपित व्हिएन्नाला पोचलेच. कारखाना १८६० च्या दशकात किल्ल्यातून खाली ट्रीबिश नदीच्या खोऱ्यात आला, आणि आजची दालने तिथेच आहेत.

आता मातीकडे वळू. केओलिन (एक पांढरी माती), फेल्डस्पार (एक खनिज) आणि क्वार्ट्‌झ हे पोर्सलेनचे तीन घटक. माइसेनच्या मिश्रणात सुमारे दोन तृतीयांश केओलिन असते आणि उरलेल्या भागात इतर दोन. केओलिनमुळे मातीला आकार घेण्याचा आणि तो धरून ठेवण्याचा गुण येतो, फेल्डस्पार प्रखर उष्णतेत वितळून सगळ्या कणांना काचेसारखे बांधून घेतो आणि क्वार्ट्‌झ सांगाड्याला बळकटी देतो. कारखान्याचे केओलिन माइसेनजवळच्या झाइलिट्झ येथील त्याच्या स्वतःच्या लहानशा खाणीतून येते आणि ही खाण अठराव्या शतकापासून चालू आहे. आपल्याकडे लोणच्याच्या बरण्यांना सरसकट चिनीमातीच्या बरण्या म्हणण्याची पद्धत आहे, परंतु त्या जाड आणि अपारदर्शक असतात. येथे जी वस्तू घडते ती पातळ असूनही कणखर असते आणि टिचकी मारली तर स्वच्छ घुमते. हा फरक मिश्रणातून आणि भट्टीच्या तापमानातून येतो, हे ध्यानात ठेवून पहिल्या दालनात शिरावे.

पहिल्या दालनात चाकावर मातीचा गोळा वर चढताना दिसतो. आपल्या कुंभारवाड्यात ज्याने लहानपणी तासन्‌तास बघत उभे राहण्यात वेळ घालवला असेल त्याला यात नवल वाटणार नाही, पण पुढची पायरी वेगळी आहे. चाकावर उठवलेला ओबडधोबड पेला प्लास्टरच्या साच्यात बसवला जातो आणि आतून दाब देऊन साच्याच्या भिंतीला नेमका टेकवला जातो. प्लास्टर मातीतले पाणी ओढून घेते, पेला किंचित आकसतो आणि आपण होऊन साच्यातून सुटतो. कान वेगळ्या साच्यात घडतो आणि पातळ कालवलेल्या त्याच मातीने पेल्याला चिकटवला जातो. दोघांतला ओलावा सारखा नसेल तर सांधा सुकताना किंवा भट्टीत उकलतो, म्हणून कारागीर चिकटवण्यापूर्वी दोन्ही भाग बोटांनी चाचपून पाहतो. हे दालन लवकर आटोपते आणि तेच योग्य आहे. येथे थांबून पाहावे ते एकच : एकाच साच्यातून निघालेल्या दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, एक कच्ची आणि दुसरी भाजून पूर्ण झालेली. भाजलेली वस्तू प्रत्येक बाजूने सुमारे सहाव्या हिश्शाने लहान झालेली असते. पंधरा सेंटिमीटर उंचीची मूर्ती हवी असेल तर ती अठरा सेंटिमीटरची घडवावी लागते, आणि तिचे नाक, बोटे, कपड्यांच्या चुण्या हे सर्व त्याच हिशेबाने मोठे ठेवावे लागते.

दुसऱ्या दालनात मूर्तींची जुळणी चालते आणि येथे माझा पाय बराच वेळ निघाला नाही. योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार १७३१ मध्ये या कारखान्यात आला आणि १७७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. पोर्सलेन ही केवळ ताटवाट्यांची माती नसून शिल्पाचेही माध्यम आहे, हे युरोपला त्याने दाखवले. सॅक्सनीचा मंत्री काउंट ब्र्यूल याच्यासाठी त्याने सहकाऱ्यांसह घडवलेल्या हंसांच्या भोजनसंचात दोन हजारांहून अधिक नग होते आणि त्यांवर हंस, शिंपले, जलदेवता यांची उठावाची नक्षी होती. अशा जुन्या नमुन्यांवरून आजही मूर्ती घडतात. एकच मूर्ती अनेक तुकड्यांत साच्यांतून काढली जाते : धड, डोके, हात, टोपी, हातातले वाद्य. मग कारागीर हे तुकडे ओल्या मातीने जोडतो, साच्याच्या शिवणी सुरीने खरवडतो, ओल्या कुंचल्याने गुळगुळीत करतो आणि डोळ्यांच्या कडा व केसांच्या बटा लाकडी टोकणीने पुन्हा रेखतो. डोके धडावर किती वळवायचे हे साचा सांगत नाही. मान एक रेषभर जास्त वळली की त्या मूर्तीची नजर तिच्या हातातल्या फुलावरून सुटते आणि सगळा भाव हरवतो. मूळ नमुना समोर ठेवलेला असतो, पण मान वळवणारा हात नमुन्याकडे पाहून थांबतो तेवढ्या क्षणातच ते काम जमते किंवा बिघडते.

फुले घडवण्याचे काम तर जवळून पाहावे असेच आहे. कारागीर मातीची वाटाण्याएवढी गोळी तळहातावर घेतो, बोटाने चेपून तिची पाकळी करतो, कड इतकी पातळ करतो की तिच्यामागचा तळहाताचा रंग जाणवावा, आणि ती देठाभोवती लावून लगेच पुढची गोळी उचलतो. अठराव्या शतकातल्या ‘स्नोबॉल’ नावाच्या फुलदाण्यांवर अशी बारीक फुले शेकड्यांनी लावलेली आहेत आणि त्यांतले प्रत्येक फूल स्वतंत्रपणे घडवून चिकटवावे लागते. पसरलेले हात, उचललेला पाय, झुकलेली फांदी यांना भट्टीत आधार लागतो, नाहीतर मऊ झालेली माती स्वतःच्याच वजनाने ओघळते. हे टेकूसुद्धा त्याच मातीचे करतात, म्हणजे मूर्ती आकसली की टेकूही तेवढाच आकसतो. इतक्या साध्या उपायाने एवढा मोठा प्रश्न सुटलेला पाहून मला फार समाधान वाटले.

या दोन दालनांनंतर आणि पुढच्या दोन दालनांच्या आधी जे घडते, ते मात्र पाहुण्यांना दिसत नाही. भट्टी दालनांत नाही. हे साहजिक आहे, पण तिच्याविषयी वाचून गेले नाही तर चित्रणाची दालने अर्धीच कळतील. सुकलेली वस्तू आधी साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला भाजतात. या भाजणीनंतर ती घट्ट होते, पण सच्छिद्र राहते आणि पाणी झटकन शोषते. नंतर तिच्यावर झिलई चढवतात. झिलई म्हणजे जवळपास त्याच घटकांचा, पण अधिक वितळणाऱ्या प्रमाणातला पातळ द्रव. वस्तू त्यात हाताने बुडवून, फिरवून, झटकून बाहेर काढतात. मग दुसरी भाजणी सुमारे १४०० अंशांच्या आणि त्याहूनही थोड्या वरच्या तापमानाला होते. या भट्टीत माती काचेसारखी बांधली जाते, झिलई तिच्यात एकजीव होते आणि तो सहावा हिस्सा आकसण्याचा मोठा भाग येथेच घडतो. आधीच्या दोन दालनांत झालेली प्रत्येक हयगय, म्हणजे अडकलेला हवेचा बुडबुडा, घाईने लावलेला कान, कमी पडलेला टेकू, या भट्टीतून बाहेर आल्यावरच उघडकीला येते, आणि तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

तिसरे दालन निळ्या चित्रणाचे. माझ्या मते चारही दालनांत हेच श्रेष्ठ आहे आणि वेळ कमी असेल तर बाकीच्या दालनांतून वाचवलेला वेळ येथे द्यावा. झिलईखाली चित्र काढायचे तर ते १४०० अंशांत टिकणाऱ्या रंगाने काढावे लागते, आणि त्या तापमानात जुन्या काळी खात्रीने टिकणारा रंग म्हणजे कोबाल्टचा निळा. सॅक्सनीच्याच एर्ट्सगेबिर्ग डोंगरांत कोबाल्टच्या खाणी होत्या, तरीही झिलईखाली तो निळा स्वच्छ उमटवायला माइसेनच्या लोकांना १७१७ ते १७२० च्या सुमारापर्यंत झगडावे लागले. चित्रकार पहिल्या भाजणीतून निघालेली, अजून झिलई न चढलेली बशी समोर घेतो. नक्षीच्या मुख्य रेषा कागदावर सुईने टोचलेल्या असतात. तो कागद बशीवर ठेवून कोळशाची पूड थापटली की ठिपक्यांच्या बारीक रेषा उमटतात, आपल्याकडे जाळीच्या छाप्यातून रांगोळी उमटवावी तशा. कोळसा भट्टीत जळून जातो. त्यानंतर खरे काम सुरू होते. सच्छिद्र बशी कुंचल्यातले पाणी टेकताक्षणी पिऊन टाकते. कुंचला रेंगाळला की तिथे डाग धरतो, घाईने फिरला की रेषा कोरडी तुटते, आणि एकदा उमटलेला रंग पुसता येत नाही. शिवाय चित्रकार ज्या रंगात काम करतो तो निळा नसतोच. भाजण्यापूर्वी तो मळकट, काळपट दिसतो. कुठे गडद निळा येईल, कुठे आकाशासारखा फिका येईल, हे हाताच्या दाबावरून आणि रंगातल्या पाण्याच्या प्रमाणावरून त्याने आधीच ओळखलेले असते.

मी पाहत होतो तो कारागीर ‘कांद्याची नक्षी’ म्हणून जगभर प्रसिद्ध असलेली बशी रंगवत होता. ही नक्षी १७४० च्या सुमारास चिनी नमुन्यांवरून तयार झाली. काठावरची फळे प्रत्यक्षात डाळिंबे आणि पीच यांच्यावरून घेतलेली आहेत, मात्र युरोपातील लोकांना ती कांद्यासारखी वाटली. मधोमध बांबूचा बुंधा असतो आणि त्याभोवती फुलांची वेल गुंडाळलेली असते. पानाच्या कडेची रेषा काढताना त्याने कुंचला देठापाशी हलकेच टेकवला, मध्यावर दाब वाढवला आणि टोकाशी येता येता तो उचलून घेतला. एका दमात ओढलेल्या त्या रेषेची जाडी तीन वेळा बदलली आणि पान सपाट न राहता वळलेले दिसू लागले. हेच पान छापून काढले तर कड जिथल्या तिथे राहते, पण वळण येत नाही. माझ्यासारख्या पाहणाऱ्यालाही हा फरक दोन बश्या शेजारी ठेवल्यावर सांगता येईल. या नक्षीच्या नकला इतक्या झाल्या की १८८८ पासून कारखान्याने बांबूच्या बुंध्याशी आपल्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण घालायला सुरुवात केली. या तलवारी सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या. अठराव्या शतकाच्या विशीपासून त्या वस्तूंच्या तळाशी निळ्या रंगात हातानेच काढल्या जातात, आणि तीही रेषा झिलईखाली असल्यामुळे कायमची असते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेला चिनी आणि जपानी पोर्सलेनचा संग्रह ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दालन विशेष भावेल. तिथे काचेमागे जी निळी-पांढरी परंपरा दिसते, ती युरोपात कशी उतरली हे येथे कुंचल्याच्या टोकाशी दिसते.

चौथ्या दालनात झिलईवरचे रंगीत चित्रण चालते. येथे बशी चकचकीत आणि गुळगुळीत असते. धातूंच्या ऑक्साइडांपासून केलेले रंग टर्पेंटाइनच्या तेलात घोटून लावतात आणि नंतर सुमारे ८०० ते ९०० अंशांना भाजतात. तापमान कमी असल्यामुळे येथे रंगांची विविधता खूप आहे, आणि आपल्या प्रयोगशाळेत सुमारे १०,००० रंगांच्या कृती जपल्या असल्याचे कारखाना सांगतो. या रंगांचा पाया योहान ग्रेगोरिउस हेरोल्ट याने घातला. व्हिएन्नाला पळून गेलेला एक जाणकार १७२० मध्ये परत आला तेव्हा त्याने या तरुण चित्रकाराला सोबत आणले होते. या दालनात चूक झाली तर भाजण्यापूर्वी ती पुसता येते, त्यामुळे मागच्या दालनातला ताण येथे जाणवत नाही. कसब मात्र कमी नाही. गुलाबाची पाकळी रंगवताना चित्रकार रंगाचा एक ठिपका ठेवतो, कोरड्या कुंचल्याने तो एका बाजूला विरवत नेतो आणि मधला पांढरा भाग तसाच सोडतो. तो पांढरा रंग म्हणजे खालची चिनीमातीच असते. या गुलाबी रंगात सोन्याचा अंश असतो. काठावर लावायचे सोने लावताना गडद तपकिरी दिसते, भट्टीतून मंद पिवळे होऊन निघते, आणि अकीकाच्या गुळगुळीत टोकाने हळूहळू घासल्यावरच झळाळते. कारखान्यातील चित्रकार फुले, पक्षी, निसर्गदृश्ये, मानवाकृती अशा एकेका शाखेत वर्षानुवर्षे हात बसवतात. फुले रंगवणारा सहसा पक्ष्यांना हात लावत नाही, आणि मला ही शिस्त पटली.

यंत्रातले निवेदन स्पष्ट आहे आणि कारागिराच्या हालचालींशी ताळमेळ राखून चालते. मात्र दालनांचा सर्व फेरा तासाभराच्या आत आटोपतो आणि गटासोबत पुढे सरकावे लागते. म्हणून जाणाऱ्याला माझा आग्रहाचा सल्ला असा की निवेदन ऐकताना नजर कारागिराच्या चेहऱ्यावर किंवा भिंतीवरच्या वस्तूंवर न ठेवता केवळ त्याच्या बोटांवर ठेवावी, आणि तिसऱ्या दालनात मेजाला शक्य तितके जवळ उभे राहावे. लहान मुले बरोबर असतील तर फुलांच्या पाकळ्या होताना त्यांना पुढे उभे करावे.

संग्रहालय मोठे आणि नीट मांडलेले आहे. ते दालने पाहून झाल्यावरच पाहावे, कारण मग केंडलरच्या मूर्तींतले सांधे आणि टेकूंच्या जागा आपोआप शोधल्या जातात. उपाहारगृहात कारखान्याच्याच भांड्यांत खाणेपिणे मिळते, आणि एवढा वेळ काचेमागे पाहिलेली कपबशी हातात धरून तिच्या कानाची पकड अनुभवणे हा आनंद घ्यावाच. गावात वेळ मिळाल्यास बाजारचौकातल्या फ्राउएनकिर्शं या चर्चच्या मनोऱ्यावरील पोर्सलेनच्या घंटा ऐकाव्यात. १९२९ मध्ये बसवलेल्या या ३७ घंटा सुरात लावलेल्या असून चिनीमातीची घंटा सुरात लावणे किती अवघड असेल, हे भाजणीतला आकसण्याचा हिशेब कळल्यावर उमगते.

खरेदीबाबत थोडे सांगायला हवे. किमती फार आहेत आणि संपूर्ण संच घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. घ्यायचेच असेल तर निळ्या चित्रणाची एखादी लहान बशी किंवा वाटी घ्यावी, कारण या कारखान्याचे वेगळेपण कमीत कमी पैशांत त्यातच सर्वाधिक हाती येते. मूर्ती घेण्याचा मोह आवरावा. लहान आणि साध्या मूर्तीत जुळणीचे कसब पुरेसे दिसत नाही आणि मोठी परवडत नाही. स्वस्त विक्रीच्या विभागात दुय्यम प्रतीच्या वस्तूही मिळतात. अशा वस्तूंच्या तळाशी तलवारींच्या खुणेवर आडवे ओरखडे काढलेले असतात, त्यामुळे तळ उलटून पाहावा. दोष बहुधा झिलईतला एखादा काळा ठिपका किंवा किंचित वाकलेला काठ एवढाच असतो, आणि रोज वापरायला घेणाऱ्याने त्याची फिकीर करू नये. सोन्याची कड असलेले भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही, हे मात्र घरातल्या सर्वांना बजावून सांगावे.

ड्रेस्डेनहून एस-१ ही उपनगरी गाडी थेट माइसेन ट्रीबिशटाल स्थानकापर्यंत जाते आणि तिथून कारखाना चालत काही मिनिटांवर आहे. सकाळी लवकर पोचून आधी दालने, मग संग्रहालय आणि दुपारनंतर टेकडीवरचा किल्ला असा क्रम ठेवल्यास एक दिवस पुरतो. दुसरा दिवस हाताशी असेल तर तो ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यातील पोर्सलेन संग्रहाला द्यावा. ऑगस्टसने सैनिकांच्या बदल्यात मिळवलेल्या त्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांपैकी काही तिथे उभ्या आहेत.